इंजिनातला ठोका मी ऐकला होता

ही गोष्ट माझ्या पोटातून कधी ओठावर आली नाय. लेकीला नाय सांगितली, सुनेला नाय. देवापुढं बसले तरी दुसरंच काहीतरी मागून उठले. आज तुला सांगते. का सांगते ते विचारू नको, मलाही ते नीट कळत नाय.

रडून सांगायची नाय. जसं झालं तसं सांगते.

आमचं गॅरेज हायवेला, पिंपळगावच्या अलीकडं. गॅरेज म्हणजे काय — वर पत्रे, खाली गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि मागं आमच्या दोन खोल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसता खड्डाच होता, पत्रे नंतर आले. आमच्या मालकांना सगळे नाना म्हणायचे. लोकांपुढं मीही नानाच म्हणायची. हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती, मग मीच. रॉकेलमधी पार्ट धुवायचे. हाताची सालं निघायची, त्याच हातानं भाकरी थापायची. थोरली पोटात होती तेव्हाही तेच. सासू म्हणायची, "हिच्या भाकरीला काडी लावू नका रे, पेटंल." सगळे हसायचे. मीही हसायची, करणार काय?

शाळा माझी दुसरीपर्यंत. पण इंजिन ऐकता ऐकता कान तयार झाला. त्यात हुशारी काही नाय. जात्यावर बसणाऱ्या बाईला खुंटा सैल झालेला कळतो, तसंच हे. वरचा आवाज हलका असतो — टिकटिक — तो चालतो, पाना फिरवला की जातो. खालचा आवाज जड. रेस दिली की लपतो, रेस सोडली की वर येतो. ठक… ठक… बंद दाराआड कुणी काठी आपटावी तसा. तो आला की समजायचं, आतली बेअरिंग गेली, रॉड खेळतोय. मग वरून गाडी कितीही धुऊन पुसून आणा.

नानांचे कान गेले. एकदम नाय गेले. पत्रे ठोकून, डिझेलच्या गाड्यांत डोकं घालून घालून हळूहळू गेले. आधी मला कळलं, मग त्यांना. लोकांना कळू दिलं नाय. बहिऱ्या मिस्तरीकडं गाडी कोण दाखवणार? आणि नानांचं नाव गाडी दाखवण्यातच होतं. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक घेणारी गाडी आमच्या दारात आणायचे. नाना हो म्हणाले तर घ्यायची, नाय म्हणाले तर नाय.

मग आम्ही एक खूण ठरवली. गिऱ्हाईक आलं की नाना पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचे. रेस धरायला मी. ऐकायची मी. मग मी हात पुसायची — इंजिन चांगलं असलं तर तिथल्या फडक्याला, आत खराबी असली तर पदराला. नाना माझ्या हाताकडं बघायचे आणि सांगायचे. फडकं की पदर, एवढंच. कुणाच्या कधी ध्यानात आलं नाय. कामाच्या बाईनं हात कशाला पुसले, कोण बघतंय?

किती वर्षं चाललं हे. आणि चुकलो नाय कधी. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते चुकून नाय झालं.

माझा धाकटा भाऊ, सुरेश. गंगापूर धरणाकडं एका हॉटेलात कामाला होता. तिथं पाहुण्यांना मातीत फिरवायला त्या चार चाकांच्या फटफट्या असतात ना, एटीव्ही म्हणतात — जाड टायर, वर मोटारसायकलसारखं बसायचं. हॉटेलवाल्यानं जुन्या काढल्या, त्यातली एक सुरेशनं घेतली. म्हणाला, विकतो आणि टपरी टाकतो. सुरेशनं आजवर जे केलं ते बुडालं होतं. कोंबड्या मेल्या, पिठाची गिरणी बंद पडली. नाना त्याला नाव ठेवायची एक संधी सोडायचे नाय. सुनेसमोर, पाहुण्यांसमोर, कुठंही. "तुझ्या भावानं बैलगाडी आणली तरी तिचं इंजिन खराब निघंल." लोक खदाखदा हसायचे. मी चहा द्यायची. सांग, बाईनं माहेर कुठं ठेवायचं?

घेणारे होते पुंडलिक आण्णा. शेजारच्या मळ्यातले, द्राक्षबागवाले. खुब्यातून एक पाय अधू झालेला, काठीवर चालायचे. बागेच्या ओळींत त्यांना चालवत नव्हतं आणि मोठा ट्रॅक्टर मांडवाच्या तारेखालून जात नव्हता. ही फटफटी ओळीतून जाईल, स्वतःची बाग स्वतःला बघता येईल, एवढीच त्यांची हौस. मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, काढणी जवळ आली होती, पोरांच्या तोंडाकडं बघत बसायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, "नाना, मला त्यातलं काही कळत नाय. तुम्ही हो म्हणा, मी बसतो."

सुरेश गाडी घेऊन आला. नानांनी पहिला हात इंजिनाला लावला. गरम.

"गरम करून आणली," नाना म्हणाले.

"चालवत आणली दाजी, डोक्यावर घेऊन येऊ का?"

नानांनी गाडी सावलीत उभी केली, गार होऊ दिली. आजारी इंजिन गार असतानाच बोलतं, गरम झाल्यावर गोड बोलतं. मग खालचा बोल्ट ढिला करून थोडं तेल बोटावर घेतलं, उन्हात धरलं. आतला धातू झिजला असला तर तेलात चमकी दिसते. तेल स्वच्छ, नवंकोरं, आणि जाड. नाना सुरेशकडं बघून हसले. नवं जाड तेल आतला आवाज दाबायला घालतात, ते दोघांनाही माहीत होतं. तेलानं काही कळणार नव्हतं. आता उरला फक्त आवाज.

मी रेस धरली. नानांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले.

ठोका आला. पहिल्यांदा रेस सोडली तेव्हाच आला, खालून, जड. तरी मी परत रेस दिली. परत सोडली. परत आला. हाताला पण लागला, अंगठ्याखाली. शंका घ्यायला जागा नव्हती. त्या आवाजाला मी त्याआधी कितीतरी गाड्या माघारी पाठवल्या होत्या.

सुरेश माझ्याकडं बघत नव्हता. त्याला आमची खूण माहीतच नव्हती. तो बिचारा नानांच्या तोंडाकडं बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा. आणि नानांच्या ओठावर ते हसू अजून तसंच होतं — डोळे मिटलेले, तरी हसू. बैलगाडीचं हसू. मी ते बघितलं.

आणि फडक्याला हात पुसले.

नानांनी डोळे उघडले, फडक्यातले माझे हात बघितले. मग आण्णांना म्हणाले, "घ्या. चांगली हाय." आणि सुरेशच्या पाठीवर थाप मारली. "पहिल्यांदा काहीतरी धड आणलंस लेका." सुरेशचं तोंड असं फुललं — मी त्याला लहानपणापासून सांभाळला, पण तसं तोंड कधी बघितलं नव्हतं. मी आत जाऊन चहा ठेवला. खोटं कशाला बोलू, तो चहा मला गोड लागला.

पुंडलिक आण्णा बागेत फिरू लागले. ओळीतून जायचे, मणी चाखायचे, मजुरांच्या बायांना हाका मारायचे. त्या म्हणायच्या, आण्णांची वरात आली. महिनाभर असं चाललं. मग ऐन काढणीत, बागेच्या पार टोकाला, उतारावर इंजिन फुटलं. रॉड तुटून बाहेर आला, चाकं जागेवर जाम झाली. आण्णा पुढं फेकले गेले, त्याच पायावर. बायांना कळेपर्यंत तिथंच पडून होते. तो पाय परत जमिनीला टेकला नाय. बाग पोरांनी बघितली. आण्णा पडवीत.

गाडी टेम्पोत घालून आमच्या दारात आली. आण्णांच्या पोरानं एवढंच म्हटलं, "आण्णा म्हणाले, नानांना काही बोलू नको. नानांकडून झालं म्हणजे कुणाकडूनही झालं असतं."

नानांनी इंजिन उघडलं. बेअरिंगचा कीस झाला होता. ते हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "हा ठोका मढ्याला पण ऐकू आला असता." मग माझ्याकडं बघितलं.

आता ऐक. इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं सांगायचं म्हणून इतक्या आडवाटेनं आले.

मी उठले, आत गेले. गाडी दाखवली त्या दिवशी नेसलेलं लुगडं पेटीतून काढलं. मागच्या दारानं जाऊन जळक्या तेलाच्या डब्यात हात बुडवला आणि पदराला पुसला. मग साबण लावून धुतलं, दुपारच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलं. जळक्या तेलाचा डाग धुऊन जात नाय, नुसता जुना दिसायला लागतो. तेच पाहिजे होतं मला. सवयीचं काम होतं.

जेवताना नानांनी विचारलं, "तू फडक्याला पुसले होते ना?"

"पदराला पुसले," मी म्हणाले. माझे ओठ त्यांना वाचता यायचे, म्हणून सावकाश म्हणाले. आणि उठून लुगडं आणून त्यांच्यापुढं पसरलं.

त्यांनी डाग बघितला. बोटानं चाचपला. मला वाटलं, ओरडतील, मारतील. त्यांनी लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं. "म्हणजे डोळे पण गेले," असं म्हणाले आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी नाना आण्णांच्या पायाशी जाऊन बसले. मग नाक्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, मला ऐकू येत नाय, नीट दिसत नाय, माझ्याकडं गाडी दाखवू नका. माझं नाव काढलं नाय. बायको ऐकायची आणि आपण सांगायचे, हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाय. सुरेशला पण दोष दिला नाय, उलट त्याची चेष्टा बंद केली. गॅरेज बंद झालं. पत्र्याखाली आता पोरानं पोल्ट्रीचं खाद्य ठेवलंय.

त्यानंतर नाना जगले बरीच वर्षं. पण बघितलेल्यावर भरवसा ठेवायचे नाय. दिवा लागलाय का, विचारायचे. बस कुठली आली, विचारायचे. समोर वाढलेलं ताट बघून विचारायचे, भाजी कशाची हाय. सगळं दिसत असायचं त्यांना. मी सांगायची, "वांग्याची." मग खायचे.

शेवटी पोरानं हट्ट केला, म्हणून त्यांना पंचवटीत डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं भिंतीवरचे आकडे दाखवले, खूण करून विचारलं. नानांनी बोटानं सगळे बरोबर दाखवले, खालचे बारीक पण. डॉक्टर खूश झाला. मला म्हणाला, "आजी, या वयात इतकी चांगली नजर मी क्वचितच बघतो. चष्म्याचीही गरज नाही. सांगा त्यांना."

नानांना ते ऐकू आलं नाय. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं, माझ्या ओठांकडं बघत. "काय म्हणतो?"

मी सावकाश म्हणाले, "म्हणतात, आता असंच राहायचं."

त्यांनी मान हलवली. आम्ही खाली आलो. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. ते कडेला थांबले आणि हात पुढं केला. मी तो धरला आणि त्यांना पलीकडं नेलं.