जामिनाचा गुलाल

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. ओतूरजवळच्या एका गावातल्या मावशी पहाटे टोमॅटोला पाणी द्यायला गेल्या, तर दोघेजण त्यांचीच मोटार पिकअपमध्ये चढवत होते. एक गावातलाच. त्याला त्यांनी नावानिशी ओळखलं. गाडी चालवणारा मात्र अनोळखी. गुन्हा दाखल झाला, गावातल्याला आम्ही अटक केली. दोन दिवसांच्या पोलीस कोठडीत त्याने चहा पिण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. मोटार सापडली नाही, साथीदारही नाही. कोर्टाने त्याला जामीन दिला. अटी दोन : दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि साक्षीदारांना त्रास द्यायचा नाही.

दोन दिवसांनी मावशी ठाण्यात आल्या. डोळे लाल.

"साहेब, माझी तक्रार मागं घ्या. कोर्टानं त्याला सोडला, मंजी मी खोटी पडले. गावात डीजे लावला, गुलाल उधळला. नळावर बाया माझ्याशी बोलत न्हाईत."

"मावशी, जामीन म्हणजे सुटका नव्हे," मी म्हणालो. "खटला उभाच आहे. तारखेला हजर राहीन अशी त्याने हमी दिलीय, त्याच्यासाठी एकजण जामीन राहिलाय. गुन्हा शाबित होईपर्यंत माणसाला उगाच आत ठेवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ."

"मग चौकातल्या फ्लेक्सवर 'निर्दोष सुटका' का लिवलंय?"

हे मला नवीन होतं. हवालदाराला घेऊन मी मावशींबरोबर गावात गेलो. फ्लेक्स चांगला घराच्या भिंतीएवढा. वर आरोपी हात जोडून उभा, खाली शुभेच्छुकांचे आठ-दहा फोटो. मावशी चष्मा पुसून एकेक चेहरा बघत होत्या, त्या एकदम ओरडल्या.

"साहेब, ह्यो! गाडीवाला ह्योच! गॉगल लावला म्हून काय झालं, कान बघा की!"

कान खरोखरच सुपाएवढे होते. फोटोखाली ठळक अक्षरांत नावही छापलेलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं.

गडी आंबेगाव तालुक्यातला निघाला. ठाण्यात बसवल्यावर म्हणाला, "मी त्याला वळखत बी नाय, साहेब."

चौकातून उतरवून आणलेला फ्लेक्स मी त्याच्यापुढे जमिनीवर पसरला. त्याने स्वतःचाच फोटो पाहिला. मग कळवळून म्हणाला, "मी नको नको म्हणत व्हतो. त्योच म्हणला, फोटू टाकू, लई भारी दिसंल!"

घोड नदीकाठच्या एका गोठ्यात, कडब्याखालून, त्याने पंचांसमक्ष मावशींची मोटार काढून दिली. तिच्यासोबत आणखी चार निघाल्या.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, पण मला आतून खटकत होतं. जामिनाची कलमं मला तोंडपाठ होती. तरी आरोपीला जामीन झाल्यावर फिर्यादीला दोन शब्द समजावून सांगावेत, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी गप्प राहिलो आणि गावाचा अबोला मावशींनी सोसला. चूक माझीच होती. त्यानंतर जामिनाचा आदेश आला की त्याच दिवशी फिर्यादीला फोन करायचा, हा मी ठाण्याचा शिरस्ताच केला.

गावाला मात्र माझ्या सांगण्याने काही पटलं नसतं. ते काम आरोपीनेच केलं. पुढच्या सोमवारी मावशी मोटार ओळखायला ठाण्यात आल्या. आता त्यांच्यासोबत नळावरच्या चार-पाच बायाही हौसेने आल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या गावातला तो आरोपी हजेरीला आला. त्यातल्या एकीने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, तू तर सुटला व्हतास ना? मग हितं कशाला?"

सही करता करता त्याने मान खाली घातली.

"सुटलो नाय, काकी. जामिनावर हाय."

मावशी बायांकडे वळल्या. "आयकलं का गं समद्यांनी?"

मला इतका आनंद झाला की सगळ्यांसाठी चहा सांगितला.