पणजींच्या शिळेसाठी डीव्हीडी रायटर

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुमच्या घरातल्या एकाही कॉम्प्युटरला तबकडी घालायची जागा नाही, असं परवा तुमच्या आईकडून कळलं. मग एका डीव्हीडी रायटरसाठी आमची किती धावपळ झाली होती, हे तुम्हाला कसं कळणार? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आहे, अक्षर स्वच्छ दिसतं आहे, म्हणून आताच लिहून ठेवते.

तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणायचे), तरुणपणी मेंढरांमागे हिंडलेल्या. कळप वळवायची, थांबवायची आणि पाण्यावर न्यायची, अशा त्यांच्या तोंडाने घालायच्या तीन वेगवेगळ्या शिळा होत्या. आजोबांनी एका दुपारी त्या कॅमेऱ्यावर घेतल्या आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवल्या. महिन्याभरात पणजींचे पुढचे दात काढावे लागले. शीळ गेली ती गेलीच. आणि नेमका त्यानंतर लॅपटॉप आतून टकटक वाजू लागला.

शिरूरच्या दुकानदाराने कान लावून सांगितलं, "हार्ड डिस्क चाललीय. आत हाय ते लवकर काढून घ्या." व्हिडिओ तेव्हाच्या पेन ड्राइव्हमध्ये मावेना. लॅपटॉपचा स्वतःचा ड्राइव्ह नुसता वाचणारा, लिहिणारा नाही. बाहेरून जोडायचा रायटर मागवायला आठ दिवस लागणार होते. तेवढी वाट कोण बघतो? दुसऱ्या सकाळी आम्ही एसटीने दौंडला. आजोबांची सगळी नोकरी तिथे रेल्वेत झालेली, त्यामुळे स्टेशनजवळचा दुकानदार ओळखीचा होता.

त्याने दोन खोकी पुढे ठेवली. एकातला रायटर जाडजूड, दुसऱ्यातला वहीएवढा पातळ. खोक्यांवरचं बारीक इंग्रजी मी अधाशासारखं वाचलं. जाड्याचा वेग दुप्पट. मरायला टेकलेल्या डिस्कला वेगच हवा.

"हाच द्या," मी म्हणाले.

"मॅडमनी वाचलंय म्हंजी संपलं," दुकानदार आजोबांना म्हणाला. "तुम्ही कशाला आलात, साहेब?"

"पिशवी धरायला."

घरी फ्रिजवर चिकटवलेलं भारनियमनाचं वेळापत्रक पाहून काम सुरू केलं. सत्तर टक्के झाले आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण जाड्या रायटरचा अडॅप्टर वेगळा, तो भिंतीच्या प्लगवर. तो बंद पडला आणि तबकडी वाया गेली. वेळापत्रक दर सोमवारी बदलायचं. फ्रिजवर होता तो मागच्या आठवड्याचा कागद, मीच चिकटवलेला.

पणजी दारात बसून बघत होत्या. "एवढं इंग्रजी वाचलंस, आन् लाइट कवा जाती ते न्हाई वाचलं?"

"चुकलं, आत्या."

"मग जा, बदलून आण."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दौंड. दुकानदाराने पातळ रायटर काढला. "ह्याला प्लग न्हाई लागत, लॅपटॉपमधूनच करंट घेतो. तुमच्या शिरूरला हाच बरा."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वाचत व्हता. मधी कसं बोलायचं?"

घरी आलो तेव्हा नव्या वेळापत्रकाप्रमाणे लाइट जायला वीस मिनिटं उरली होती. थांबायचा धीर कुणालाच नव्हता. लॅपटॉप टकटकत, अडखळत उघडला. बेचाळीस टक्क्यांवर लाइट गेली, डोक्यावरचा पंखा थांबला. मी डोळे मिटून घेतले. आजोबा मात्र स्टेशनं मोजावीत तसे आकडे मोठ्याने वाचत राहिले, "त्रेचाळीस. चव्वेचाळीस." शंभरावर तबकडी बाहेर आली, हाताला गरम लागली. लगेच लावून पाहिली. खोलीभर शीळ घुमली.

आजोबा तबकडीवर शिळांची नावं लिहायला बसले तर पणजींनी त्यांना अडवलं. "पयली थांबवायची न्हाई रं, वळवायची हाय. मेंढरं तुझ्यापरीस शहाणी व्हती."

आजोबांनी ते खोडून नीट लिहिलं. पुढच्या आठवड्यात लॅपटॉप कायमचा बंद पडला.

ती तबकडी, तिची एक नक्कल आणि तुमच्या कॉम्प्युटरला जोडायला तो पातळ रायटर माझ्या कपाटात आहेत. दोन्ही तबकड्या चालतात. तिन्ही शिळा स्वच्छ ऐकू येतात.