पाटावरचा उमेदवार

अकोल्यात जठारपेठेतल्या रागिणीबाईंचा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. माहेर खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी असं खारट की डाळ चुलीवर रटरट करून थकायची, पण शिजायची नाही. रिटायर झाल्या, तरी ते पाणी काही त्यांच्या डोक्यातून उतरलं नाही.

लोकसभेची निवडणूक लागली तसं बाईंनी मनावर घेतलं. या पाण्यावर संशोधन कोण करणार, आणि त्यासाठी दिल्लीत काय मागणार, हे उमेदवारानं सांगितलंच पाहिजे. जुन्या विद्यार्थिनींना शब्द देऊन बसल्या, "मतदानाच्या आत त्यांच्या तोंडून वदवते की नाही बघा!" पोरींनी हौसेनं प्रश्न काढले, हॉल घेतला, आमंत्रणं धाडली. उमेदवार एकही फिरकला नाही. एकाचा माणूस तेवढा आला. खुर्चीवर पक्षाचा दुपट्टा ठेवला, चहा प्याला, गेला.

आचल नावाची पोर रडकुंडीला आली. "बाई, थो दुपट्टेवाला म्हने, इज्ञानावर मत देते काय कोनी!"

बाईंचा चेहरा उतरला. शब्द तर देऊन बसल्या होत्या.

शेजारच्या माणिकबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो मास्तरीनबाई, उमेदवाराले हॉलात काहून बोलावता? थो सोताच दारोदार फिरून राहिला. आला का पाटावर उभा करा अन् ओवाळाले घ्या. ओवाळनं अर्धं टाकून पाटावरून उतरते काय कोनी? निवडनुकीत त मांजर आडवी गेली तरी गाडी थांबवते हे लोकं."

"माणिकबाई, मी उभा जन्म शकुन-अपशकुनाची टर उडवली हो!"

"मंग काय झालं? दिवा त इज्ञानानंच जळते ना?"

बाईंनी माळ्यावरचा पाट खाली काढला.

दोन दिवसांनी उमेदवार गजेंद्रभाऊंची प्रचारफेरी गल्लीत आली. ढोल-ताशे, गळ्यात झेंडूचे हार, मागं ही गर्दी. दारात पाट दिसला तसे भाऊ सवयीनं चढले आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. बाईंनी ताट एकदा फिरवलं आणि थांबवलं. भाऊंनी एक डोळा उघडला.

"भाऊ, ताटात पैसा टाकू नका, आचारसंहिता आहे. ओवाळणीत एक उत्तर टाका. खाऱ्या पाण्यावर संशोधन व्हावं म्हणून दिल्लीत काय मागाल?"

"इज्ञान ना? आपन चंद्रावर गेलो ना ताई!"

"गेलो. तिथून परत या, आणि आमच्या विहिरीचं सांगा."

गल्ली हसली. पोरींचे मोबाईल वर झाले. भाऊंनी कार्यकर्त्याकडं पाहिलं, त्यानं ढोलवाल्याकडं पाहिलं, ढोलवाला आभाळाकडं पाहू लागला. भाऊंचा एक पाय पाटाच्या काठाशी आला. तशा माणिकबाई ओरडल्या, "अरे बाप्पा, अर्ध्यातून उतरू नका! निकाल लागाचा हाय!"

पाय झटकन मागं गेला. कपाळाचा घाम पुसत भाऊ हळूच म्हणाले, "खरं सांगू काय ताई? मले याच्यातलं काई मालूम नाई."

एवढ्या फेऱ्यांत हे पहिलं खरं बोलणं असावं. बाईंना एकदम मायाच आली. त्यांनी कुंकू लावलं, ओवाळणं पुरं केलं. "बसा मग, सांगते."

भाऊ तिथंच पाटावर मांडी घालून बसले आणि दहावीच्या पोरासारखं ऐकू लागले. ढोलवाल्यांनी तेवढ्यात माणिकबाईंकडं पाणी मागून घेतलं.

संध्याकाळच्या सभेत भाऊ पाण्यावर बोलले. अर्धं चुकीचं बोलले. खारं पाणी अकोल्यात समुद्रातून येतं असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार मागं राहतो काय? तोही पाण्यावर बोलला, आणि त्याच्याहून चुकीचं बोलला.

आचल धावत आली. "बाई, दोघंही बोलले! तुमचा शब्द खरा झाला!"

"कसला खरा? अकोल्यात समुद्र आणला मेल्यांनी!" रागिणीबाईंनी पायात चपला सरकवल्या. "माणिकबाई, तो दुसरा आज कोणत्या गल्लीत आहे? पाट घ्या बरोबर."