बाईंनी संशयाला दिलेला मान

प्रा. विमलबाई संचेती यांना मी प्रथम पाहिले ते जुन्नरच्या महाविद्यालयात, मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. “उसातून बिबट्या समोर आला, तर आधी भीती वाटते की आधी पाय लटपटतात?” असे त्यांनी विचारले. मग त्यांनी तीन मते सांगितली. आधी शरीर थरथरते आणि त्या थरथरीलाच आपण भीती म्हणतो, हे एक. दोन्ही एकदमच घडते, हे दुसरे. आणि तिसरे, समोरच्या गोष्टीचा आपण जो अर्थ लावतो त्यावर भावना ठरते. मते कळली; बाईंविषयी मात्र खात्री वाटेना. तासानंतर त्या मलाच का थांबवतात, स्वतःची पुस्तके मलाच का देतात? जुन्नरजवळच्या डिंगोरे गावच्या बौद्ध वस्तीतल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फुकट मिळालेली गोष्ट दोनदा उलटून पाहायची आम्हाला सवय होती.

बी.ए. झाल्यावर मला एम.ए.साठी पुण्याला पाठवायला माझे वडील, आबा, तयार नव्हते. त्यांच्याशी बोलायला बाई घरी आल्या. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. “मला नको,” म्हणून बाईंनी हात जोडले. माझे कान तापले. त्या गेल्यावर आबा म्हणाले, “मारवाड्याची लेक. आपलं पाणी चालंना, अन् पोरगी पुण्याला धाडा म्हंती. कायतरी काळंबेरं हाय.” पुण्याचा विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विभागात गाठले आणि उभ्याउभ्या जाब विचारला.

“अगं, आम्ही जैन. माझा नेम आहे. मी उकळलेलंच पाणी पिते.”

“हे तुम्ही आज सांगताय, बाई.”

“म्हणजे तुझा विश्वास नाही?”

“नाही.”

आता त्या तिसरे मत ऐकवतील, अर्थ तूच चुकीचा लावलास म्हणतील, असे मला वाटले.  पण त्या म्हणाल्या, “ज्यांना पिढ्यानपिढ्या पाणी नाकारलं, त्यांनी दुसरा कोणता अर्थ लावायचा? मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

त्याच आठवड्यात रविवारी बाई पुन्हा आमच्या घरी आल्या. “आबा, तुमच्याच हंड्यातलं पाणी उकळून द्या.”

“उकाळल्यावर जात उडून जाती व्हय, बाई?”

आईने तोंडाला पदर लावला आणि पाण्याचे पातेले चुलीवर ठेवले. बाई शांतपणे म्हणाल्या, “मी सांगते म्हणून मानू नका. न सांगता कधीही आमच्या घरी या. आम्ही काय पितो ते बघा.”

आबा खरोखर गेले. बाजाराच्या दिवशी, न सांगता. संध्याकाळी परतल्यावर टोपी काढत म्हणाले, “समदं घर उकाळलेलंच पितं. मलाबी त्यांच्याच पेल्यात दिलं. लई बेचव लागतं.” आणि जरा वेळाने, “पुण्याचा फारम कवा भरायचा म्हणली तुझी बाई?”

आज मी स्वतः मानसशास्त्र शिकवते. संशय घेणाऱ्याला बाईंनी कधी कृतघ्न म्हटले नाही; त्याला तपासून पाहायची मुभा दिली. भावनांविषयी मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा हे मला अधिक उपयोगी पडले आहे.

बाईंनी साठी पूर्ण केली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्या भागात अजून पुष्कळ मुली उंबऱ्यापाशी अडल्या आहेत, आणि त्यांचे बाप एका भेटीत विश्वास ठेवणारे नाहीत.