पाणी बसवणारे लिंबाजीमामा

लिंबाजीमामा कधी घाई करत नसत. जालन्याच्या पाण्याच्या टाकीवर ते तुरटी घालायला होते आणि माझा नवरा पंपावर. टाकीशेजारच्या खोलीत मी नवी नवरी म्हणून आले, ती साल-दोन साल त्यांचं एकच काम बघत होते. काचेच्या भांड्यात गढूळ पाणी घ्यायचं, तुरटीचं पाणी टाकायचं, आधी झपझप ढवळायचं, मग लाकडी पळी अशी हळू फिरवायची की बघणाऱ्याला झोप यावी.

"मामा, जागे आहात ना?" मी विचारायचे. अक्कल बेताची, तोंड मात्र तुरुतुरु.

"सूनबाई, गाळाचे कण लाजरे असतात. धक्क्यानं भेटवायचे, मंग एकमेकाला धरू द्यायचे. गुठळी झाली की जड होऊन आपसूक खाली बसते. तिला मारलं की फुटती. फुटली की पुन्हा तशी जमत न्हाई."

पुढं नवा साहेब आला. म्हाताऱ्याचा हात अजून चालतो का, ते तो बघणार होता. नाही चालला तर मामा घरी. तपासणीच्या सकाळी मामांच्या भांड्यात कापसासारख्या गुठळ्या धरल्या होत्या. फाटक वाजलं तसे ते धुतलेला पटका बांधायला आत गेले. "जरा पळी धरा. हळूच, बरं का."

मी माहेरी ताक घुसळण्यात नावाजलेली. वाटलं, साहेब दारात आलाय आणि मामांचं अजून निम्मंच झालंय. आपण उरकून देऊ. दिलं घुसळून. लोणी यायचं तेवढं राहिलं.

साहेबानं भांडं उन्हात धरलं. आत नुसतं धुरकट पाणी, खाली काही बसेना. मामांनी भांड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साहेब, दुसरं लावून दाखवतो."

"वेळ नाही," साहेब म्हणाला. मी पदर चावत उभी. एवढी बडबडी बाई, तेव्हाच मुकी झाली.

मामा आष्टीला लेकीकडं गेले. पुढच्या पावसाळ्यात ते आजारी आहेत असं कळलं, म्हणून मी कबुली द्यायला गेले. बोलणं वाटभर पाठ केलं होतं. मामा बाजेवर हाडं होऊन पडले होते. उशाच्या तांब्यात गढूळ पाणी. लेकीला कामातून सवड नव्हती आणि मामांचा हात उठत नव्हता.

मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "तवा तुमच्या बांगड्या लई जल्दी वाजत होत्या. आत ऐकू येऊन राह्यल्या होत्या."

"मग साहेबाला सांगितलं का नाही, मामा?"

"सांगून पाणी बसलं असतं का?"

मी तांब्यात तुरटी फिरवली. या खेपेला हळू, अगदी त्यांच्यासारखी. पाणी नितळायला वेळ लागतो. ते नितळलं, तेव्हा मामांना घोट गिळवेना. आठव्या दिवशी ते गेले.