आभाळातून न दिसलेलं घर

रंगुबाईचं गाव कोयनानगरच्या वर, धरणाच्या पाण्याखाली आहे. ट्रकमधून कवठे महांकाळकडच्या माळावर उतरली तेव्हा ती पाच वर्षांची होती. सावलीला झाड नव्हतं, म्हणून आईनं तिला ट्रकच्या सावलीत बसवलं. थोड्या वेळानं ट्रक निघून गेला.

सरकारनं दिलेली घरं दोन ओळींत संपली. पोरंबाळं वाढली, लग्नं झाली, तशी मागं गायरानात तिसरी ओळ उठली. रंगुबाई आणि नाथाजीनं तिथं संसार मांडला. मातीच्या भिंती, वर पत्रे, दाराला कडी. घराला आणखी काय लागतं? साहेबाला मात्र लागतो उतारा. तो नाही म्हणून नळ नाही, आणि विजेचा खांब दुसऱ्या ओळीपाशीच अडलेला. रंगुबाईला लिहायला येत नव्हतं. ती अर्ज सांगून लिहून घ्यायची, आणि वाचून दाखवताना एक शब्द गाळला तरी लिहिणाऱ्याला बरोबर पकडायची. असे बावीस अर्ज झाले. नाथाजीला लकवा मारला, तो खाटेला खिळला, तरी तिचे हेलपाटे चुकले नाहीत. शेवटी कारकून म्हणाला, "मावशी, आता उपग्रहाच्या नकाशात घर दिसलं तरच नोंद."

तो नकाशा बनवायच्या कामावर मार्चात मिस्बाह आली. तालुक्याची, भूगोल शिकलेली पोर. त्याच नकाशावरून भारतात किती जमीन बांधकामाखाली गेली आणि हॉलंडमध्ये किती, याची तुलनाही चालली होती. नकाशातल्या ठिपक्यांवर जाऊन ती खातरी करत होती.

"आज्जी, हितं तर मोकळी जमीन दाखवतंय," ती फोनकडं बघत म्हणाली.

"आन तू कशात हुबी हायस? हवंत?"

मिस्बाहनं दाराबाहेर येऊन वर पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. उन्हाळ्यात पत्रा तापू नये म्हणून साऱ्या ओळीनं छपरावर तुरकाट्या टाकून वर उसाचं पाचट पसरलं होतं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला घोसाळ्याचा वेल रंगुबाईच्या छपरावर पार पसरला होता. आभाळातून बघणाऱ्याला ते रान वाटणारच.

"मी शेरा लिहिते. पण शेवटी फोटोत दिसतं तेच धरतात."

"आन त्या हालंडात?"

"तिकडं काचेची लांबच लांब शेडं असतात. आत टोमॅटो. ती शेतीत धरतात."

"मंजी टमाट्याला काचंचं घर, त्येला म्हनायचं शेत. आन माजं घर, त्येला म्हनायचं माळ! शानीच हायत की तुजी मानसं."

मिस्बाह हसली. जाता जाता म्हणाली, पुढचा फोटो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धरतील, तेव्हा आभाळ निरभ्र असतं. तिनं दुसरं काही सुचवलं नव्हतं. सुचवायची गरजही नव्हती.

एप्रिलचा शेवटचा आठवडा तोंडावर आला तेव्हा एका रात्री रंगुबाई खाटेपाशी बसली.

"आवं, वरचं पाचट काडू का? आठ दिसाचा परश्न हाय."

नाथाजीचं अर्धं तोंड वाकडं, पण बोलणं खोडकरच. "त्यापरीस मला छपरावर निजीव. हात हालवतो फोटूवाल्याला."

"गमजा नको. ऊन सोसंल का?"

त्यानं वर पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "काड. येकदा आपलं घर कागदावर येऊ दे."

सत्तरीची बाई शिडीवर चढली. वेल ओढून काढला, पाचट खाली ढकललं. उघडा पत्रा असा लकाकला की शेजारणीनं डोळ्यांवर हात धरला. दुपारी आत चूल पेटवल्यासारखं व्हायचं. रंगुबाई लुगडं भिजवून नाथाजीच्या अंगावर टाकायची. ते वाळलं की परत भिजवायची. टँकर दोन दिवसांआड यायचा. तिसऱ्या दिवशी नाथाजी म्हणाला, "पाचट टाकतीस का गं?" ती म्हणाली, "अजून चारच दीस." पाचव्या दिवशी दुपारी ती टँकरच्या रांगेतून घागर घेऊन आली, तेव्हा नाथाजी संपला होता.

डॉक्टरनं कागदावर कारण लिहिलं, म्हातारपण. माळावरच्या मरणाला नेहमी हेच एक कारण सापडतं.

जूनमध्ये मिस्बाह धावत आली. दारातूनच ओरडली, "आज्जी, तुमचं घर लाल आलं! लाल म्हणजे बांधलेलं!" मग तिला रिकामी खाट दिसली, आणि पुढं केलेला फोनचा हात तसाच राहिला.

रंगुबाईनं फोन हातात घेतला. तपकिरी माळ, त्यात तिसऱ्या ओळीच्या जागी एकच लाल चौकोन. बाकीच्यांनी पाचट काढलं नव्हतं. तिनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"ह्यात आतली मानसं दिसत्यात का गं?"

"नाही आज्जी. नुसतं छप्पर."

मिस्बाहनं पिशवीतून वही काढली. मग मिस्बाह हळू आवाजात म्हणाली, "आता अर्ज चालेल. कुणाच्या नावानं घालायचा?"

"त्येंच्या."

"मेलेल्या माणसाच्या नावानं घेत नाहीत, आज्जी."

"तू लिही," रंगुबाई म्हणाली. "नाव, नाथाजी. आन खाली लिही, फोटू काडला तवा घरातच हुते."

मिस्बाहनं वही उघडली.

"आन वाचून दाव मला," रंगुबाई म्हणाली. "येक बी शबुद गाळू नगस."