भाकरीवाल्या बाई

"फाटली. पुन्हा."

चष्मा नाकावर ओढून बाई परातीत डोकावत, भाकरीच्या फाटक्या काठावर बोट टेकवत आणि एवढंच म्हणत. चांगले मिशा राखलेले गडी मुकाट्यानं पीठ गोळा करून परत थापायला लागत. तुम्ही म्हणाल, दवाखान्यात भाकरी कशाला? मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. माझं मनगट मोडलं होतं आणि तोंड मात्र शाबूत होतं.

तेव्हा औरंगाबादेत चिकलठाण्याकडं एकामागून एक कारखाने उभे राहत होते. खेड्यातली पोरं काल-परवापर्यंत गुरांमागं होती, ती आज पत्रा दाबायच्या प्रेसवर उभी राहत आणि यंत्राला बोटं देऊन बसत. कामगारांच्या दवाखान्यात मागच्या अंगाला व्यायामाची खोली होती. बाई तिथं होत्या. मुंबईला फिजिओथेरपी शिकून आलेल्या. तो शब्द आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्यांना भाकरीवाल्या बाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

गव्हाची कणीक लबाड, असं त्या सांगायच्या. ती ताणली जाते आणि माणसाची चूक झाकून घेते. ज्वारीचं पीठ खरं बोलतं. जे बोट दाबत नाही, त्या बाजूनं भाकर फाटते. नुसत्या भाकरीकडं बघून त्या सांगायच्या, तुझी करंगळी कामचुकार आहे. मग तिथल्याच स्टोव्हवर भाकर भाजायची आणि शेवटचा धडा यायचा. दुखऱ्या हातानं, एकाच हातानं, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि खायचा. अंगठा आणि बोटं चिमटीत घट्ट आल्याशिवाय ज्वारीची भाकर मोडत नाही. आणि मोडलेली भाकर टाकायची नाही, हा बाईंचा कायदा. पीठ बाईंच्या घरच्या डब्यातलं, सोबतची लसणाची चटणीही त्यांच्याच घरची. माझं मनगट त्या चटणीच्या लोभानंच लवकर बरं झालं.

खंडूचं घोडं मात्र या मोडून खाण्यापाशीच अडलं. हा पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरातला पोरगा. घरातून कारखान्यात आलेला पहिलाच. प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं चेचली. डॉक्टरांनी ती वाचवली, पण ती आखडून बसली. पत्र्याचा तुकडा चिमटीत धरता आला तर कामावर घेऊ, नाहीतर घरी जा, असं कंपनीनं बजावलं होतं. तपासणीचा दिवस ठरला होता. खंडू थापायचा जीव ओतून, पण मोडायची वेळ आली की त्याला उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, रविवारी खंडोबाचा. बुधवारी पोट दुखायचं.

बाई छावणीमागच्या बौद्ध वस्तीत राहायच्या. आडनावावरून त्यांची जात सगळ्यांना माहीत होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळा मराठवाडा पेटला होता, खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. बाईंच्या नात्यातलंही एक घर त्यात गेलं होतं. बाकीचे आम्ही काही फार सुधारलेले नव्हतो. पण भूक लागलेली असायची, आम्ही खायचो.

एकदा बाईंनी शांतपणे विचारलं, "खंडू, उपास देवाचा आहे का माझा?"

तो परात पुसायला लागला. बाईंनी त्याला घरी तरी मोडत जा म्हणून सांगितलं. तो व्हय म्हणाला. पण गारखेड्यात तो माझ्याच गल्लीत राहायचा, म्हणून मला माहीत होतं. खोलीतली गावाकडची पोरं त्याला भाकर कुस्करून द्यायची आणि तो डाव्या हातानं खायचा.

तपासणी दोन दिवसांवर आली आणि शहर बंद झालं. बस नाही, रिक्षा नाही, दवाखान्यात जायची सोय नाही. गल्लीच्या तोंडाशी पोरं काठ्या घेऊन बसलेली. मी ओट्यावर होतो. बघतो तर बाई पायी येतायत, काखेत पिठाचा डबा. छावणीपासून गारखेडा म्हणजे सगळं शहर ओलांडून यायचं.

पोरांनी वाट अडवली. कुठल्या, विचारलं. दवाखान्याची, म्हणाल्या. राहायला कुठं, विचारलं. बाईंनी तेही खरं सांगितलं. मग एकानं आडनाव विचारलं, त्यांनी तेही सांगितलं आणि पोरं काठ्या घेऊन उठली. मी उठलो, पण ओट्याखाली उतरलो नाही. तेवढ्यात खंडू दारातून बाहेर आला.

"माझ्याकडं आल्यात," तो म्हणाला.

"तुझ्या कोण त्या?"

खंडू अडखळला. मग आपला वाकडा पंजा पुढं करून म्हणाला, "माझ्या हाताच्या बाई हायेत."

पोरं बाजूला झाली, पण मागोमाग दारापर्यंत आली. आत खंडूनं पीठ मळलं, भाकर थापली. करंगळीकडनं फाटली. "पुन्हा," बाई म्हणाल्या. दुसरी बरी झाली. ती भाजून बाईंनी त्याच्यासमोर ठेवली.

"मोड."

खंडूनं दाराकडं पाहिलं. तिथं त्याच्याच गावची तोंडं होती. मग त्यानं भाकरीवर हात ठेवला. बोटं घसरली, परत धरली. कपाळावर घाम आला. शेवटी काठाचा एक तुकडा निघाला आणि त्यानं तो तोंडात घातला. दारातला एक जण थुंकून निघून गेला. खंडू कोरडी भाकर मोडत राहिला, संपेपर्यंत. बाईंचं त्याच्या तोंडाकडं लक्षच नव्हतं, त्या फक्त बोटं बघत होत्या.

मी त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. त्यांच्या हातातला रिकामा डबा एकसारखा वाजत होता. कशाला आलात, मी जरा रागानंच विचारलं.

"भ्याले होते हो मी," त्या म्हणाल्या. "पण बोट एकदा आखडलं की मग ते कुणाचंच ऐकत नाही."

तपासणीत खंडूनं पत्रा धरला. कामावर लागला. खोलीतल्या पोरांनी त्याची वळकटी बाहेर टाकली, तेव्हा तो माझ्याकडं राहायला आला. त्याची करंगळी कधी पूर्ण सरळ झाली नाही.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या दिवसांच्या कार्याला, पुण्यानुमोदनाला, आम्ही दोघं छावणीमागं त्यांच्या घरी गेलो होतो. बुद्धवंदना झाली. मागच्या अंगणात बायका पाहुण्यांसाठी भाकरी करत होत्या. खंडूचे केस पिकलेत, पोटही सुटलंय. तो काही न बोलता हात धुऊन आला आणि एका परातीसमोर मांडी घालून बसला. बायका गालात हसल्या, पण सरकून जागा दिली.

त्यानं भाकर थापली. करंगळीकडनं ती फाटली. खंडूनं हात थांबवला आणि सवयीनं मान वर केली.

कुणी काही म्हणालं नाही.

मग पीठ गोळा करून तो पुन्हा थापायला लागला.